उभ्या गाडीचे दिवसाला ३३३ रुपये

साडेसात लाखांच्या आसपासची पेट्रोल गाडी जळगावात दारापुढे नुसती उभी ठेवायला दिवसाला ३३३ रुपये पडतात. यात पेट्रोलचा थेंबही धरलेला नाही. गाडी हलली की तो खर्च वेगळा. हा आकडा कसा निघाला ते आधी मांडतो, म्हणजे तुम्हाला त्यात तुमचे आकडे टाकून बघता येईल. मग रिक्षा, ॲपवरची टॅक्सी आणि ट्रॅव्हल्सवाल्याची भाड्याची गाडी यांच्याशी तो ताडून पाहू.

हिशोबाला घेतलेली गाडी म्हणजे बाराशे सीसीच्या आतली, चार मीटरहून आखूड, साधी पेट्रोल हॅचबॅक. शोरूमची किंमत साडेसहा लाख. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स, म्हणजे साधारण ७१,५०० रुपये. विमा, नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग धरून रस्त्यावर येईपर्यंत ७,६०,०००. त्यातले पाच लाख कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, बाकीचे २,६०,००० खिशातले. गाडी आठ वर्षं वापरून २,६०,००० ला विकली असं धरलंय. वर्षाचा हिशोब असा:

घसारा, म्हणजे गाडीची उतरत गेलेली किंमत (७,६०,००० वजा २,६०,०००, म्हणजे पाच लाख, भागिले आठ): ६२,५००
कर्जाचं व्याज (एकूण सुमारे १,२२,७५०, आठ वर्षांत विभागून): १५,३५०
खिशातल्या पैशावर एफडीत साडेसहा टक्क्यांनी मिळालं असतं ते व्याज: १६,९००
विमा, सरासरी: ११,०००
सर्व्हिसिंग, सरासरी: ८,०००
टायर (आठ वर्षांत एक सेट): २,५००
बॅटरी (आठ वर्षांत दोन): १,२५०
पीयूसी, धुणं, वायपर, पंक्चर, कव्हर: ४,०००

बेरीज १,२१,५००. महिन्याला १०,१२५.

एफडीच्या व्याजावर हमखास वाद होतो. "ते कुठे खिशातून जातं भो?" असं म्हणणारे तेच असतात जे प्लॉट घेताना पैशाचं व्याज पैशापर्यंत मोजतात. तरीही नको असेल तर ती ओळ काढा, महिन्याला चौदाशे रुपये कमी होतील. निकाल फारसा बदलत नाही.

हप्त्यालाच खर्च समजणं ही मात्र खरी चूक. पाच लाखांचा हप्ता १०,३८० रुपये येतो आणि पाच वर्षांनी तो संपला की गाडी "फुकट" झाली असं वाटायला लागतं. घसारा थांबलेला नसतो. सहाव्या-सातव्या वर्षी तो दिसत नाही, कारण त्याचं बिल कुणी पाठवत नाही. ते एकदम विकायच्या दिवशी येतं.

खरेदीच्या वेळी तीन ठिकाणी पैसे वाचतात. लहान गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. त्याआधीचं कोटेशन घरात पडलेलं असेल तर ते फेकून द्या. दुसरं, विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असं काही बंधन नाही. त्याच गाडीचा, त्याच अटींचा विमा बाहेर काढला तर पहिल्याच वर्षी काही हजारांचा फरक पडतो. शोरूमवाला कोटेशन बघून रक्कम खाली आणतोही. तिसरं, 'हँडलिंग'च्या नावाने आलेली ओळ खोडायला सांगायची. व्यापारी मंडळींसाठी एक जास्तीचं: कंपनीच्या नावावर गाडी नोंदवली तर रोड टॅक्स २० टक्के लागतो. सीएने घसाऱ्याचा फायदा सांगितला असेल, तर हा आकडाही त्याच्यासमोर ठेवून वजाबाकी करून घ्या.

विम्याच्या रकमेतला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, भाग सरकारने ठरवलेला असतो. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला तो वर्षाला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम, १०,६४० रुपये भरावा लागतो. त्यात घासाघीस नाही. घासाघीस होते ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात. क्लेम न केल्यास त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट मिळत जाते. म्हणून बंपरला दीड-दोन हजारांचा ओरखडा आला तर क्लेम करू नये, सूट पुन्हा शून्यावर येते. पहिली चार-पाच वर्षं झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे बदललेल्या भागांच्या किमतीत घसारा न कापणारी पॉलिसी, घ्यावं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मे पैसे आपल्याला भरावे लागतात, आणि आजकालच्या गाडीचा पुढचा भाग बहुतेक प्लास्टिकचाच असतो.

आता चालवण्याचा खर्च. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. कंपनी सांगते ते २२-२३चं ॲव्हरेज विसरा. शहरात, एसी लावून, तीन-चार किलोमीटरच्या तुकड्यांत गाडी लिटरला १४ देते. म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. हायवेला ८० च्या आसपास चालवली तर १९, म्हणजे साडेपाच रुपये. स्वतःच्या गाडीचा खरा आकडा काढायचा असेल तर टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचं, तीन-चारशे किलोमीटरनंतर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज बहुतेक गाड्यांत थोडं गोडच असतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून, त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज आणखी थोडं खाली आलंय, तेही धरा.

शहरातला आकडा इतका खाली का, याचं आपल्याकडचं मोठं कारण ऊन. मे महिन्यात ४५ अंशांत दोन तास उभी राहिलेली गाडी आतून साठीच्या आसपास जाते. सीट, डॅशबोर्ड, छत सगळं तापलेलं असतं. एसी पूर्ण जोरात चालू केला तरी आत बरं वाटायला तीन-चार किलोमीटर जातात, आणि जळगावात तेवढ्यात आपण पोचलेलो असतो. म्हणजे कॉम्प्रेसरने सगळा वेळ पूर्ण ताकदीने पेट्रोल खाल्लं आणि गार हवा मिळाली ती उतरताना. निदान सुरुवातीला मागच्या दोन काचा पूर्ण उघडून एक मिनिट गाडी चालवावी. गरम हवा बाहेर गेली की काचा बंद, मग एसी आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण). उभ्या गाडीत एसी लावून थांबण्यात काही हशील नाही. इंजिनाचा वेग कमी असल्याने कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि कंडेन्सरवर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, चालत्या गाडीएवढा वाराही नसतो.

आता शहरापुरती तुलना. महाबळ घ्या, पिंप्राळा घ्या, मेहरूण घ्या, स्टेशन किंवा फुले मार्केट चार-पाच किलोमीटरच्या आत. विद्यापीठ बांभोरीला, गिरणेच्या पलीकडे, तेवढं जरा लांब. चार किलोमीटरची स्पेशल रिक्षा १०० रुपये धरली, तर तेवढ्याच अंतराला गाडीचं पेट्रोल ३० रुपये. एका खेपेमागे गाडीने ७० रुपये वाचवले. महिन्याचे १०,१२५ रुपये वसूल करायला १४५ खेपा लागतील, म्हणजे रोज जवळजवळ पाच.

कोणत्या घरात रोज पाच खेपा होतात? होतात, पण त्या दुचाकीवर. आपल्याकडे गाडी रिक्षाची जागा घेत नाही, कारण रोजचं काम आधीपासून मोटरसायकल आणि स्कूटीच करतात, आणि गाडी घेतल्यावरही तेच करत राहतात. भाजी, शाळा, दुकान, बँक, गोलाणी मार्केटचं पार्किंग, सगळीकडे दुचाकीच बरी पडते. गाडीच्या खात्यात टाकायच्या त्या फक्त ज्या दुचाकीवर जमत नाहीत अशा खेपा: आजीला दवाखान्यात न्यायचं, भर दुपारी तान्हं बाळ, पाऊस, रात्रीची रेल्वे, चौघांनी मिळून लग्नाला जायचं. प्रामाणिकपणे मोजलं तर बहुतेक घरांत या महिन्याला वीस ते तीसच भरतात. तीस खेपांची रिक्षा ३,०००. त्याच गाडीने केल्या तर १०,१२५ अधिक ९००.

पुण्या-मुंबईचे हिशोब वाचून इथे निर्णय घेणाऱ्यांची गफलत इथेच होते. पुण्यात ऑफिस १५ किलोमीटर, ॲपची टॅक्सी किलोमीटरला २० रुपये धरली तर एका वेळेचे ३००, महिन्याच्या २५ दिवसांचे येण्याजाण्याचे १५,०००. तिथे स्वतःची गाडी १०,१२५ अधिक साडेसातशे किलोमीटरचं पेट्रोल ५,६२५, म्हणजे १५,७५०. जवळपास बरोबरी. मग पार्किंग, वाहतूक आणि स्वतःच्या डोक्याचा ताप यावर निर्णय होतो. शिवाय ॲपवर गर्दीच्या वेळेचा वाढीव दर असतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत मान्य केलाय, खाली निम्म्यापर्यंत. कारण न देता फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त १०० रुपये दंड, आणि तो चालकालाही लागू. आपल्याकडे भाडं तोंडी ठरतं, दुप्पट होत नाही. आपला त्रास दराचा नाही, नेमक्या वेळेला वाहन न मिळण्याचा आहे.

तो त्रास शहरात फारसा जाणवत नाही. जाणवतो बाहेरगावी जाताना, आणि खानदेशात गाडीचा खरा हिशोब बाहेरगावच्या दिवसांवरच ठरतो.

भाड्याच्या गाडीचे नियम आधी नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यात आहे. सेडानचा दर किलोमीटरला १२ रुपये धरू. पण दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे लागतात, चालवले नाहीत तरी. कुणी २५० वर तयार होतो. चालकाचा भत्ता ४०० वेगळा, टोल-पार्किंग आपलं. किलोमीटर आपल्या दारापासून मोजायचे की त्यांच्या गॅरेजपासून, हे आधी विचारायचं. आणि सोडून गाडी रिकामी परत आली तरी परतीचे पैसे आपलेच, कारण तिकडून भाडं मिळायची खात्री नसते.

जळगाव ते धुळे जाऊन-येऊन साधारण १९० किलोमीटर. बिल होतं ३०० चं: ३,६०० अधिक ४००, म्हणजे ४,०००. स्वतःच्या गाडीचं पेट्रोल १,०४५. फरक जवळजवळ तीन हजार. छत्रपती संभाजीनगर जाऊन-येऊन ३२० किलोमीटर: भाड्याने ४,२४०, स्वतःचं पेट्रोल १,७६०, फरक अडीच हजार. म्हणजे लांब अंतरापेक्षा मधल्या अंतराला भाड्याची गाडी जास्त महाग पडते, कारण न चालवलेल्या किलोमीटरचेही पैसे जातात. पद्मालय, मुक्ताईनगर किंवा अजिंठा अशा जवळच्या फेरीला किमान तीनशेचा सौदा करूच नये. 'आठ तास, ऐंशी किलोमीटर'चं पॅकेज मागायचं, ते दोन हजारांच्या आसपास बसतं, वरच्या किलोमीटरचा आणि तासाचा दर आधी ठरवून घ्यायचा.

सरासरी एका बाहेरगावच्या दिवसाला स्वतःची गाडी २,८०० रुपये वाचवते असं धरू. मग नुसत्या बाहेरगावावर गाडी वसूल करायची तर वर्षाला ४३ दिवस लागतात, महिन्याला साडेतीनच्या वर. शहर आणि बाहेरगाव एकत्र करून सूत्र असं बसतं: महिन्यातले बाहेरगावचे दिवस गुणिले २,८००, अधिक शहरातल्या दुचाकीवर न जमणाऱ्या खेपा गुणिले ७०. बेरीज १०,१२५ च्या वर गेली तर गाडी घ्या. दोन बाहेरगावचे दिवस आणि ६५ खेपा असतील तर काटा बरोबर मध्ये येतो. खेपा तीसच असतील तर बाहेरगावचे दिवस तीन लागतात.

मात्र बाहेरगावचा दिवस मोजताना फसू नका. जिथे एसटी किंवा रेल्वेने सरळ जाता येतं तो दिवस धरायचा नाही. जळगाव-भुसावळ, जळगाव-पाचोरा-चाळीसगाव, मुंबई, नाशिक, पुणे हे रेल्वेचे प्रवास आहेत. पुण्याला चार दिवस मुक्कामी जाताना भाड्याची गाडी सोबत ठेवली तर किमान १,२०० किलोमीटरचं बिल होतं, १४,४०० अधिक भत्ता. तिथे तुलना रेल्वेच्या चार तिकिटांशी करायची. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ च्या पुढे अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट. घरात दोन बायका आणि एक पंच्याहत्तरीचे आबा असतील तर चौघांचं चोपडा किंवा धुळे तिकीट मिळून दोन पूर्ण तिकिटांएवढं होतं.

धुळेकरांचं गणित जळगावकरांपेक्षा थोडं वेगळं आहे. धुळ्याचं स्टेशन चाळीसगावच्या फाट्यावरचं शेवटचं, मुख्य मार्गावरची गाडी धरायला चाळीसगाव गाठावं लागतं, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रात्री दोनची गाडी असेल तर त्या फेरीचे भाड्याचे पैसे आणि रिकामी परत येण्याचे पैसे दोन्ही आले. वर्षातून अशा दहा-बारा फेऱ्या असल्या तर त्या बाहेरगावच्या दिवसांत धरायला हरकत नाही. नंदुरबार सुरत-भुसावळ मार्गावरच आहे, तिथला शहराचा पसारा आणखी लहान, त्यामुळे शहरातल्या खेपांनी तिथे गाडी कधीच वसूल होत नाही.

पैशात न बसणारी एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहेच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या (श्रावणातल्या देवीच्या सणाच्या) रविवारी आणि लग्नाच्या तिथीला गाडी मिळत नाही. दर दुप्पट द्यायची तयारी असली तरी नाही. सगळी लेकीबाळी एकाच दिवशी माहेरी निघतात, सगळी भाऊबंदकी एकाच दिवशी रोटांसाठी (कानबाईच्या प्रसादासाठी) गावी पोचायची असते, आणि तालुक्यातल्या पिवळ्या पाटीच्या गाड्या महिनाभर आधीच लागलेल्या असतात. या दिवसांसाठी बयाणा तीन-चार आठवडे आधी द्यावा आणि गाडीचा नंबर मेसेजवर मागून घ्यावा. नुसतं "भाऊ, होऊन जाईल" यावर विसंबू नये. पण वर्षातल्या अशा सात-आठ दिवसांसाठी सव्वा लाख रुपये मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. दारात गाडी दिसली की सोयरीक जमायला मदत होते असं मानणारे लोक आहेत, आणि ते अगदीच चुकतात असंही म्हणवत नाही. फक्त तो खर्च लग्नाच्या खात्यात लिहावा, प्रवासाच्या नव्हे.

गाडी घेतली आणि फार चालली नाही, तर ती शिल्लक राहत नाही, खराब होते. खानदेशच्या उन्हात तर लवकरच.

आधी बॅटरी. लॉक केलेल्या गाडीतही अलार्म, घड्याळ, इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) थोडा थोडा करंट घेत असतात. तीन आठवडे न हललेली गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते. त्यात उष्णतेने आतल्या प्लेट लवकर गंजतात, पाणी उडतं, म्हणून थंड भागात पाच वर्षं चालणारी बॅटरी इथे तीन-चार वर्षांत बदलावी लागते. आठवड्यातून एकदा अंगणात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणारे बरेच असतात. त्याने उपयोग नाही, स्टार्ट करताना जेवढं खर्च झालं तेवढंही भरून निघत नाही. वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवायची. महिनाभर बाहेर जाणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं, दहा नंबरचा पाना पुरतो. परत जोडल्यावर घड्याळ आणि काही गाड्यांत खिडक्यांची ऑटो सेटिंग पुन्हा करावी लागते, घाबरायचं कारण नाही.

टायर किलोमीटरने कमी आणि वर्षांनी जास्त मरतात. बाजूवर चार अंकी आकडा असतो, २२२३ म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा. नवीन घेताना हा आकडा बघायचाच, दुकानात दोन वर्षं उन्हाळे खाल्लेला टायर नव्या भावात घेऊ नये. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक दिसली तरी बाजूचं रबर तडकलेलं असतं. आणि उन्हाळ्यात हवा कमी भरायची ही समजूत सोडून द्या. हवा गार टायरमध्ये, सकाळी, दारातल्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याएवढीच भरायची. हायवेवर चालून दाब चार-पाच पीएसआयने वाढतोच, तो धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरमधली हवा सोडली की गार झाल्यावर तो कमी हवेवर चालतो, बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि फुटते. मे महिन्यात हायवेच्या कडेला पडलेल्या रबराच्या पट्ट्यांमागे बऱ्याचदा हेच असतं.

एअर फिल्टर कंपनी सांगते त्याच्या निम्म्या अंतरावर उघडून बघायचा. शेतरस्त्यावर जाणारी गाडी असेल, भरीत पार्टीला दर थंडीत बांधावर जात असेल, तर काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांत तंतू त्यात भरलेले असतात. केबिन फिल्टरची तीच गत. "एसी गार करत नाही" म्हणून गॅस भरून घेणाऱ्यांपैकी अनेकांचा फक्त हाच फिल्टर चोंदलेला असतो. तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बहुतेक गाड्यांत पाना न लावता निघतो, नवा तीन-चारशेत येतो. धान्याच्या कोठाराजवळ किंवा गोठ्याशेजारी लागणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. तिथे रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतात, अंधार आणि ऊब कमी झाली की उंदीर बसत नाहीत.

यातून डिझेलवाल्यांसाठी एक इशारा. बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण-निकषांच्या) डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. ती जाळायला तो बराच तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी हायवेच्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं सलग चालावी लागते. चार किलोमीटरच्या खेपांत ते होत नाही. गाडी मधूनमधून जादा डिझेल सोडून काजळी जाळायचा प्रयत्न करते, आपण तेवढ्यात बंद करतो, ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. पिवळा दिवा लागला की लगेच भुसावळच्या दिशेने हायवे धरायचा आणि इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर ठेवायचं. दिवा घेऊन महिनाभर शहरात फिरलं तर काम वर्कशॉपमध्ये जातं आणि बिल पाच आकडी होतं. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर हायवे नसेल तर डिझेल घेऊ नये.

"मग जुनी घेऊ" हा पुढचा विचार. सहा-सात वर्षांची गाडी तीन लाखांना रोखीने घेतली, चार वर्षांनी दीड लाखाला विकली. घसारा ३७,५००, पैशाचं व्याज १९,५००, विमा ९,०००, दुरुस्ती-सर्व्हिसिंग १८,०००, टायर-बॅटरी ६,५००, किरकोळ ४,०००. वर्षाला ९४,५००. किंमत निम्म्याहून कमी, पण उभं राहण्याचा खर्च नव्या गाडीच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. महिन्याला सव्वादोन हजार वाचले, एवढंच. जुन्या गाडीचा खरा फायदा तेव्हा होतो जेव्हा कर्ज नको असतं किंवा नवशिक्याच्या हातात द्यायची असते. कागदांत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० च्या सह्या, कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्रासोबत (एनओसी) फॉर्म ३५, आणि दुसऱ्या आरटीओतून आणली असेल तर फॉर्म २८. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची ती सूट) गाडीबरोबर येत नाही, तो माणसाबरोबर राहतो. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते, ती सौद्याच्या वेळीच डोक्यात ठेवायची.

एक खर्च कुणी लिहीत नाही तो चावी देण्याचा. गाडी घरात आली की नात्यातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक दवाखाना आपल्या अंगणातून निघतो. देणं चुकत नाही, पण चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स नसेल तर विम्याचा क्लेम अडतो, आणि तेव्हा मामाचा मुलगा पैसे देत नाही. पेट्रोलसोबत फास्टॅगही आपलाच कापला जातो. नॅशनल हायवेवर फिरणं जास्त असेल तर १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास काढा, वर्षभर किंवा २०० टोलनाके, जे आधी संपेल ते. सुरुवातीच्या त्या दराने नाका पंधरा रुपयांत पडायचा. नशिराबादच्या टोलनाक्यावरून रोज ये-जा असेल तर तो विचार न करता घ्यावा. हा पास फक्त खाजगी गाडीला, भाड्याच्या गाडीला नाही. म्हणून भाड्याच्या बिलात टोल पूर्णच लागणार.

ज्यांचं सूत्र १०,१२५ च्या खाली राहिलं त्यांनी भाड्याची गाडी नीट घ्यायला शिकावं. पाटी पिवळी आणि अंक काळे असतील तर ती टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळे अंक म्हणजे स्वतः चालवायला मिळणारी भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी दोन रुपये कमी दराने मिळते, गल्लीतलाच कुणी देतो, पण तिच्या विम्यात पैसे घेऊन बसवलेले प्रवासी धरलेले नसतात. रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. चारशे-पाचशे रुपये वाचवायला घरचे सगळे त्यात बसवू नयेत.

बुऱ्हाणपूर, ओंकारेश्वर, सेंधवा किंवा सुरत बाजूला जायचं असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारायचं, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का. असेल तर सीमेवर राज्याचा वेगळा टॅक्स लागत नाही. नसेल तर तात्पुरतं परमिट आणि टॅक्स लागतो, आणि तो ऐनवेळी आपल्या माथी येतो. निघताना ओडोमीटरचा फोटो घ्या, चालकासमोरच. परत आल्यावर दुसरा. टोलचे पैसे फास्टॅगच्या मेसेजवरून द्या, तोंडी आकड्यावरून नको. रात्री दहानंतर परतलात तर रात्रीचा भत्ता वेगळा लागतो का, एसी घाटातही चालू राहील का, आणि सांगितलेल्या गाडीऐवजी दुसरी आली तर दर कोणता, हे तीन प्रश्न बयाणा द्यायच्या आधी विचारा आणि उत्तरं मेसेजवर घ्या. एकाच ट्रॅव्हल्सवाल्याकडे वर्षभर गाड्या लावल्या तर तो तीनशेचं किमान अडीचशेवर आणतो, आणि आखाजीला आपला नंबर यादीत वर राहतो.